जॉर्ज पॅरोस साहेब, फाईट केली की मॅचच्या बाहेर, एवढा एक नियम आणा

प्रति,
जॉर्ज पॅरोस,
प्रमुख, डिपार्टमेंट ऑफ प्लेयर सेफ्टी, एनएचएल (नॅशनल हॉकी लीग)

नमस्कार पॅरोस साहेब,

मी मिसिसागाला राहते, टोरोंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी टीमची फॅन आहे, आणि आमच्याकडे थंडीच्या दिवसांत शनिवार संध्याकाळ म्हणजे हॉकी हे आता नातेवाइकांनाही माहितीय, त्या वेळात कोणी फोन करत नाही. पत्र मराठीत लिहितेय कारण तुमच्याही आधी ते माझ्यासारख्या लोकांनी वाचावं असं वाटतं, जे इकडे येऊन या खेळाच्या प्रेमात पडले, ज्यांची पोरं शाळेआधी पहाटे उठून रिंकवर जातात आणि ज्यांना भारतातून आईवडील हमखास विचारतात की अगं तो मारामारीचा खेळ ना, पोराला कशाला घातलंस त्यात.

आणि तुम्हालाच का, लीगचे कमिशनर बेटमन साहेबांना का नाही, तर तुम्ही स्वतः एन्फोर्सर होतात, म्हणजे टीमसाठी मारामारी करणारा खेळाडू. प्रिन्स्टनमधून इकॉनॉमिक्स शिकून आलेला माणूस, ती झुपकेदार मिशी, 474 मॅचेस, शिक्षा म्हणून बाहेर बसायची हजाराच्या वर पेनल्टी मिनिटं, 2007 ला अ‍ॅनाहाइम डक्सबरोबर स्टॅनली कप, म्हणजे लीगची सगळ्यात मोठी ट्रॉफी. सप्टेंबर 2017 ला तुम्ही या खात्याचे प्रमुख झालात. फाईटचे नियम तुमच्या खात्यात ठरत नाहीत, ते कॉम्पिटिशन कमिटी आणि बोर्ड ऑफ गव्हर्नर्सकडे जातं आणि तुमच्याकडे सस्पेन्शन आणि दंड, हे मला माहितीय. पण या विषयात तुमच्या शब्दाला जे वजन आहे ते लीगच्या ऑफिसात दुसऱ्या कोणाच्या शब्दाला असेल असं मला वाटत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ना.

माझं म्हणणं सरळ आहे. एनएचएलमध्ये आज दोन खेळाडूंनी ग्लोव्हज टाकून एकमेकांना ठोसे मारले की दोघांना पाच-पाच मिनिटं बॉक्समध्ये बसवतात आणि मग दोघं परत खेळायला येतात. फुटबॉलमध्ये एक ठोसा मारला की रेड कार्ड, क्रिकेटमध्ये तर विचारच नको. इथे मात्र पाच मिनिटं बसा, पाणी प्या, या परत. हे बंद करा. फाईट केली की त्या मॅचमधून बाहेर, विषय संपला.

आता लगेच कोणीतरी म्हणणार, बाईंना हॉकी कळत नाही, यांना नाजूक खेळ पाहिजे. मला बॉडीचेक, म्हणजे समोरच्याला अंगाने दिलेली नियमातली धडक, आवडतो. बोर्डवर धाडकन आदळल्याचा आवाज वरच्या लेव्हलच्या शेवटच्या रांगेत ऐकू येतो तो आवडतो, नेटसमोरची ढकलाढकली आवडते, गोलीला कोणी धक्का दिला की चार जण धावून येतात ते पण आवडतं. आणि एन्फोर्सर लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे, ड्रेसिंगरूममध्ये सगळ्यात जास्त प्रेम त्यांच्यावरच असतं असं कितीतरी खेळाडूंनी सांगितलंय. म्हणूनच हे लिहितेय.

ज्यांनी फाईट फक्त क्लिपमध्ये बघितलीय त्यांच्यासाठी थोडं सांगते. बऱ्याच वेळा भांडण झालेलंच नसतं. फेसऑफला, म्हणजे रेफरी पक (रबराची चकती) टाकून खेळ सुरू करतो तेव्हा, दोघं शेजारी उभे असतात, एक विचारतो, दुसरा मान हलवतो, पक खाली पडायच्या आत दोघांच्या स्टिक आणि ग्लोव्हज बर्फावर. मग थोडा वेळ गोल फिरणं, मग डाव्या हाताने समोरच्याची जर्सी खांद्यापाशी पकडायची आणि उजव्याने मारत सुटायचं, हेल्मेटवर पडला तर आपलीच बोटं फुटतात. दोन्ही लाइन्समन (सहाय्यक पंच) शेजारी उभे असतात पण मध्ये पडत नाहीत, कोणी दमेपर्यंत किंवा पडेपर्यंत थांबतात. बेंचवरचे खेळाडू स्टिक बोर्डवर आपटून दाद देतात, वीस हजार लोक उभे, आणि घड्याळ थांबलेलं असतं. म्हणजे खेळ थांबलाय आणि तिकीट काढून आलेले लोक जे बघतायत ते हॉकी नाहीच.

नियमपुस्तकात तर याची पूर्ण व्यवस्था लावून ठेवलीय. जर्सी मागून पॅन्टला पट्ट्याने बांधलेली पाहिजे, नाहीतर समोरचा ती डोक्यावरून ओढतो. 2013-14 पासून फाईटच्या आधी स्वतःचं हेल्मेट काढलं तर दोन मिनिटं जास्त. मग काय झालं, त्याच सप्टेंबरमध्ये सीझनच्या आधीच्या एका मॅचमध्ये डेव्हिल्सच्या क्रिस बार्चने आणि आयलँडर्सच्या ब्रेट गॅलंटने एकमेकांची हेल्मेट काढून दिली, अगदी सभ्यपणे, आणि मग मारामारी केली. लोकांनी ते हसण्यावारी नेलं. मला नाही हसू आलं, कारण हेल्मेटचा तो नियम ज्या भीतीतून आला तिच्यामागे एक पोरगा होता, आमच्याच ऑन्टारिओतला. डॉन सँडरसन, व्हिटबी डनलॉप्सकडून खेळायचा, एनएचएल वगैरे नाही, सीनियर लीग. 12 डिसेंबर 2008 ला फाईटमध्ये हेल्मेट निघालं, दोघं पडले, याचं डोकं बर्फावर आपटलं. 2 जानेवारी 2009 ला गेला. 21 वर्षांचा होता.

आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यातली माती हळद, ताक, तेल घालून मऊ करतात, कारण माणूस पडणार हे धरलेलंच असतं. इथे खाली काँक्रीटवर गोठवलेला बर्फ आहे आणि पायात सुऱ्यांसारखी पाती, आणि दोन शंभर-शंभर किलोची माणसं एका पायावर तोल सांभाळत एकमेकांच्या डोक्यात मारतायत.

हे तुम्हाला मी सांगायला नको. 1 ऑक्टोबर 2013, माँट्रियल, सीझनची पहिली मॅच, तुम्ही कॅनेडियन्सकडून आणि समोर आमचा कोल्टन ऑर. त्या रात्रीची तुमची दोघांची ती दुसरी फाईट होती. ऑरचा पाय सरकला, तो खाली जाताना तुम्हाला बरोबर घेऊन गेला, तुमचा ठोसा हवेत गेला आणि तुम्ही सरळ तोंडावर पडलात, हात मध्ये आणायला वेळच मिळाला नाही. आणि ऑर, जो एक सेकंद आधी तुम्हाला मारत होता, तोच हात वर करून डॉक्टरला बोलवायला लागला. तुम्हाला स्ट्रेचरवर नेलं. मेंदूला बसलेला धक्का, म्हणजे कन्कशन. त्याच सीझनमध्ये पुढे आणखी एका फाईटमध्ये परत कन्कशन, आणि तो तुमचा शेवटचा सीझन ठरला. ऑरने काही चुकीचं केलं नव्हतं, तुम्हीही नाही, सगळं ‘कोड’प्रमाणे, म्हणजे खेळाडूंच्या अलिखित नियमांप्रमाणे, झालं होतं, दोघंही तयार होते, दोघंही अनुभवी. मग नियम बरोबर कसा म्हणायचा?

तो कोड. एन्फोर्सर असला की समोरचे आपल्या स्टारला हात लावत नाहीत, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. उदाहरण नेहमी एकच, या खेळाचा सगळ्यात मोठा स्टार वेन ग्रेट्झकी. एडमंटनमध्ये त्याच्या पाठीशी डेव्ह सेमेन्को, मग मार्टी मॅकसॉर्ली, आणि ऑगस्ट 1988 ला ग्रेट्झकी लॉस एंजलिसला गेला तेव्हा मॅकसॉर्लीसुद्धा त्याच ट्रेडमध्ये बरोबर गेला. ठीक आहे, त्या काळात रेफरी एकच असायचा, व्हिडिओ बघून नंतर सस्पेंड करायची आजच्यासारखी यंत्रणा नव्हती, मानलं. पण नंतरचं बघा. मार्च 2010, पिट्सबर्गच्या मॅट कुकने बॉस्टनच्या मार्क सॅव्हर्डला असा आंधळ्या बाजूने डोक्यात मारला की सॅव्हर्ड स्ट्रेचरवर गेला. बॉस्टनकडे शॉन थॉर्नटन होता, लीगमधला नावाजलेला फायटर. थॉर्नटन असल्यामुळे कुक थांबला का? नाही थांबला. पुढच्या मॅचला थॉर्नटनने कुकला गाठलं, फाईट झाली, लोक खूश, हिशेब चुकता. सॅव्हर्डचं काय? पुढच्याच जानेवारीत आणखी एक कन्कशन आणि करिअर संपलं. आणि डोक्यावरचे असे हिट कमी करायला शेवटी उपयोगी काय पडलं, तर लीगने त्याच महिन्यात घाईघाईने आणलेला आणि नंतर रूल 48 म्हणून कायमचा केलेला नियम. कागदावरच्या चार ओळी आणि सस्पेन्शनचे कापलेले पैसे, म्हणजे तुमचंच खातं, साहेब. जे काम थॉर्नटनच्या मुठीने झालं नाही ते त्याने केलं, कुकसुद्धा पुढे बराच सुधारला.

स्टीव्ह मूरची गोष्ट तर मला अजून बघवत नाही. कोलोरॅडोच्या या पोराने फेब्रुवारी 2004 ला व्हँकुव्हरच्या कॅप्टन नॅस्लुंडला मारलं, पेनल्टीसुद्धा दिली नव्हती रेफरीने. 8 मार्चला परत मॅच. पहिल्या पिरियडमध्ये मूरने मॅट कुकशी (हो, हाच तो कुक, तेव्हा व्हँकुव्हरला होता) फाईट केली, म्हणजे कोडप्रमाणे जे काय देणं लागत होता ते त्याने देऊन टाकलं. तरी तिसऱ्या पिरियडमध्ये टॉड बर्टुझीने मागून जर्सी पकडून डोक्यात ठोसा घातला आणि त्याला बर्फात दाबला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले, परत कधी खेळला नाही. कोड पाळला त्यानेच भोगलं. ज्या कायद्याला कोर्ट नाही, रेफरी नाही, आणि फिटलेलं देणं परत वसूल करणाऱ्याला अडवणारा कोणी नाही, त्याच्या भरवशावर खेळाडूंची सुरक्षा सोडायची?

आता डेरेक बूगार्डबद्दल. सॅस्कॅचवानचा पोरगा, वडील आरसीएमपीत पोलीस, लहानपणापासून वर्गात सगळ्यात उंच. स्केटिंग यथातथा, पण ज्युनियरला कोणीतरी बघितलं की हा मारू शकतो, आणि तेच त्याचं काम झालं. मिनेसोटाला लोक त्याला डोक्यावर घ्यायचे. 277 मॅचमध्ये फक्त 3 गोल, तरी 2010 ला न्यूयॉर्क रेंजर्सने चार वर्षांसाठी 65 लाख डॉलरचा करार दिला, यावरून समजा गोलसाठी नव्हता दिला. त्याच डिसेंबरमध्ये ओटावाच्या मॅट कार्कनरशी फाईट, कन्कशन, सीझन संपला. हात, खांदा, पाठ, सगळीकडे दुखणं आणि त्यावर गोळ्या, गोळ्यांचं व्यसन, लीगच्याच कार्यक्रमात उपचार, परत गोळ्या. 13 मे 2011 ला मिनिआपोलिसच्या घरात गेला, दारू आणि ऑक्सिकोडोन. 28 वर्षं. मेंदू बॉस्टन युनिव्हर्सिटीने तपासला तर सीटीई, म्हणजे डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून मेंदू आतून झिजत जातो तो आजार, आणि त्याच्या वयाच्या मानाने खूपच पुढे गेलेला. त्याच उन्हाळ्यात रिक रिपिएन गेला, 27 वर्षं, मग वेड बेलाक, 35 वर्षं, तो तर आमच्या लीफ्समध्ये सात सीझन होता, हसरा माणूस. एका उन्हाळ्यात तिघं. त्याच्या आदल्या वर्षी बॉब प्रोबर्ट 45 व्या वर्षी गेला, ज्याला भले भले घाबरायचे, त्याच्याही मेंदूत सीटीई. टॉड युअनच्या मेंदूत आधी काही नाही असं सांगितलं, नंतर 2018 ला परत तपासलं तर तिथेही निघालाच.

कोणी म्हणेल ही निवडक नावं आहेत. मग 2023 चा कोलंबिया युनिव्हर्सिटीचा अभ्यास घ्या, त्यांनी 1967 पासूनचे हजारो एनएचएल खेळाडू बघितले, आणि फाईट करणारे, त्यांच्याच उंचीवजनाच्या आणि त्याच काळात खेळलेल्या बाकी खेळाडूंपेक्षा सरासरी 10 वर्षं आधी गेले. 10 वर्षं, साहेब. नातवंडं बघायची वर्षं असतात ती.

आणि लीग काय म्हणते? 2016 ला बेटमन साहेबांनी अमेरिकेच्या सिनेटर ब्लूमेन्थलना लांबलचक पत्र लिहून सांगितलं की संबंध सिद्ध झालेला नाही. 2019 च्या मे महिन्यात इथे कॅनडाच्या संसदेच्या समितीसमोर परत तेच. मधल्या काळात नोव्हेंबर 2018 ला 318 माजी खेळाडूंच्या केसमध्ये 1 कोटी 89 लाख डॉलरची तडजोड केली, आणि तीही जबाबदारी मान्य न करता. भागाकार कोणीही करावा. आजच्या एका मोठ्या स्टारच्या दोन वर्षांच्या पगारात हे सगळे 318 बसतात. गरज सरो वैद्य मरो, यापेक्षा वेगळं काय म्हणायचं याला, हीच माणसं मारत होती तेव्हा जम्बोट्रॉनवर (स्टेडियममधल्या मोठ्या पडद्यावर) त्यांची क्लिप तीनदा दाखवत होतात ना.

मला सांगतात की अगं आता कुठे राहिलेत एन्फोर्सर, जुनं झालं ते. खरंय, 2008-09 ला एका सीझनमध्ये 700 च्या वर फाईट झाल्या होत्या, आता त्याच्या निम्म्यासुद्धा होत नाहीत, आणि खेळ काही मेला नाही, उलट इतका वेगवान आणि सुंदर हॉकी कधीच नव्हता. पण मग मॅट रेम्पे बघा. फेब्रुवारी 2024, पहिलीच एनएचएल मॅच, मेटलाइफ स्टेडियमवर उघड्यावर, पोरगा साडेसहा फुटांच्या वर, वय 21, आणि पहिल्याच शिफ्टला (बर्फावरच्या पाळीला) फाईट. पुढच्या काही आठवड्यांत त्याच्यासमोर मोठमोठे फायटर रांगेने उभे राहिले, डोळा सुजलेला फोटो सगळीकडे, न्यूयॉर्क रेंजर्सच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्या नावाचा जयघोष. 3 एप्रिलला तर रेंजर्स-डेव्हिल्स मॅचला दोन्ही कोचने पहिल्या फेसऑफलाच ती माणसं उभी केली, पक पडला आणि पाचच्या पाच जोड्या भिडल्या, आठ जणांना बाहेर काढलं. रेम्पेला कोणी जबरदस्ती केली नाही हे कबूल. पण एनएचएलचं दार त्याला कशामुळे उघडलं हे त्याला पण माहितीय, आणि बघणाऱ्या प्रत्येक उंच पोराला पण कळलं.

दुसरी गोष्ट, जी अलीकडे फारच डोक्यात जाते. एकदम स्वच्छ हिट, खांद्याला खांदा, पक त्याच्याकडेच, रेफरीचा हात वर नाही, तरी समोरच्या टीमचा कोणीतरी येऊन ग्लोव्हज टाकतो, आणि ज्याने सुंदर हिट दिली त्याला मार खायला किंवा मारायला लागतं. इन्स्टिगेटरचा (फाईट उकरून काढणाऱ्याचा) नियम यासाठीच आहे, दोन मिनिटं जास्त आणि वर दहा मिनिटांचं मिसकंडक्ट, म्हणजे तेवढा वेळ बाहेर, पण देतं कोण? क्वचित. म्हणजे ज्यांना ‘जुना मर्दानी हॉकी’ पाहिजे त्यांच्याच फाईटमुळे चांगला बॉडीचेक देणं महाग पडतंय.

फेब्रुवारी 2025 चं चार देशांचं टूर्नामेंट पण टाळत नाही, कारण सगळे तेच तोंडावर मारतात. माँट्रियल, अमेरिका-कॅनडा, पहिल्या नऊ सेकंदांत तीन फाईट, मॅथ्यू टकाचक आणि हेगल, ब्रेडी टकाचक आणि बेनेट, मिलर आणि पारायको. जगभर क्लिप गेली, हॉकी न बघणाऱ्या माझ्या पुण्याच्या भाच्याने पण मला पाठवली. बरं. पाच दिवसांनी बॉस्टनला फायनल, तेच दोन देश, तीच चीड, त्याहून जास्त पणाला लागलेलं, आणि एकही फाईट नाही. ओव्हरटाइममध्ये मॅकडेव्हिडचा गोल. स्टॅनली कपच्या प्लेऑफमध्ये पण दरवर्षी हेच, जिंकणं खरंच महत्त्वाचं झालं की कोच फायटरला बसवतात. ज्याची गरज जून महिन्यात नसते त्याची ऑक्टोबरमध्ये असते का? आणि फाईट नसली तर लोक स्टिकने मारतील हा जो बागुलबुवा आहे, ऑलिम्पिकमध्ये नाही मारत, अमेरिकन कॉलेजात नाही मारत, दोन्हीकडे फाईट केली की बाहेर. क्यूबेकच्या मेजर ज्युनियर लीगने 2023-24 पासून तेच केलं, 16 ते 20 ची पोरं, ज्यांतली काही उद्या तुमच्याकडे येणार.

माझा मुलगा U13 ला (13 वर्षांखालच्या गटात) खेळतो, तिथे बॉडीचेकिंगसुद्धा नाही, हॉकी कॅनडाने 2013 लाच त्या वयासाठी बंद केलं. परवा प्रॅक्टिस संपल्यावर, झांबोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) यायच्या आधी, दोन पोरं खोटी खोटी फाईट करत होती. ग्लोव्हज टाकले, गोल फिरले, डावा हात बरोबर खांद्यापाशी, हेल्मेट स्वतःचं न काढता एकमेकांचं काढायचा प्रयत्न. बाकीची बेंचवरून स्टिक आपटत होती. कोणी शिकवलं नाही त्यांना, कोच तर ओरडतच आला. शेजारी उभ्या असलेल्या एका पंजाबी मुलाच्या बाबांनी मला विचारलं की यांना हे पट्ट्याचं आणि हेल्मेटचं पण कसं माहीत. मी काय सांगणार, शनिवारी टीव्ही आमच्याच घरात चालू असतो.

तर मागणं असं आहे. कॉम्पिटिशन कमिटीची पुढची बैठक होईल तेव्हा तुम्ही स्वतः जा आणि फाईटला गेम मिसकंडक्टचा, म्हणजे उरलेल्या मॅचमधून बाहेर काढायचा, प्रस्ताव मांडा, खेळाडूंची युनियन विरोध करेल, काही मालक पण करतील, तरी तुमच्या नावाने तो कागदावर येऊ दे, मग कोण कुठल्या बाजूला उभा राहिला ते आम्हा फॅन लोकांना दिसेल. स्वच्छ हिटनंतर फाईट सुरू करणाऱ्याला तर आत्ताच, नियम न बदलता, सस्पेंड करायला लागा. आणि तुमचं खातं जे दंड वसूल करतं, सस्पेन्शनमध्ये जो पगार कापतं, तो पैसा प्लेयर्स इमर्जन्सी असिस्टन्स फंडात जातो. त्या फंडातून जुन्या एन्फोर्सर मंडळींच्या डोक्याच्या तपासण्या आणि उपचार, व्यसनमुक्ती, घरच्यांचा खर्च, हे आयुष्यभर आणि कुठलाही कागद सही करून न घेता मिळेल अशी सोय करा, पैसे कमी पडले तर लीगने घालावेत. त्यांतले बरेच जण तुमच्या ओळखीचे आहेत, काहींशी तुम्ही बर्फावर भिडला पण असाल, फोन नंबर तुमच्याकडे असतील. पहिला फोन लीगने करावा, त्यांनी अर्ज करायची वाट बघू नये.

तुमची,
मिसिसागाची एक लीफ्स फॅन